पोरगी ख्रिश्चन विद्यापीठात इतिहास शिकतो म्हणते, पाठवू का?

कापूसवाला_राळेगाव
नमस्कार मंडळी. सहा एकर कोरडवाहू, कापूस आन तूर. पोरगी बारावी आर्ट्सला ८१ टक्के घेऊन पास झाली. आता म्हणते, बंगळुरूच्या एका ख्रिश्चन विद्यापीठात इतिहास, राज्यशास्त्र, समाजशास्त्र घेऊन बीए करतो. पारावर लोक म्हणून राहिले, "पोट्टी क्रिस्ताव होऊन येईन." मले त्याची भीती नाही. म्हणजे, खरं सांगू तं थोडीशी आहे. तिची माय म्हणते डीएड कर, इतिहासानं पोट भरते का? कोणी शिकलं असन तं सांगा.

निवृत्त_गुरुजी
भीतीचं आधी मिटवतो. घटनेचं कलम २८(३) वाचा. सरकारमान्य किंवा अनुदानित संस्थेत कोणाला संमतीशिवाय धर्मशिक्षणाला वा प्रार्थनेला बसवता येत नाही. अठराच्या आत असेल तर संमती पालकाची लागते.
आणि बंगळुरूच कशाला? नागपूरचं हिस्लॉप कॉलेज १८८३चं आहे. नागपूर विद्यापीठ १९२३ला आलं, त्याच्या आधी तिथली पोरं सुरुवातीला कलकत्ता आणि नंतर अलाहाबाद विद्यापीठाची परीक्षा देत. एसटीनं घरी येता येईल.

टाकळघाटची
काका, मी बुटीबोरीजवळची. असंच विद्यापीठ, तेच विषय, तीन वर्षं.
रविवारी मेसमध्ये गर्दी कमी असायची, बाकीचे चर्चला गेलेले, धर्माचा त्रास म्हणाल तर तेवढाच. खरा त्रास इंग्रजीचा. पहिल्या असाइनमेंटमध्ये बारावीला लिहायचे तसं गाइडमधून उतरवलं. कागद परत आला तर समासात पेन्सिलनं एकच प्रश्न: "हे तुला कुठून कळलं?" मार्क नाही, काही नाही. रात्री होस्टेलच्या जिन्यात बसून रडले. नंतर एक वही केली, डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठी. ती अजून आहे.
गुरुजींनी हिस्लॉपचं नाव काढलं म्हणून सांगते. आमच्या गावच्या शिवारात मोठमोठे दगड गोलात मांडलेले आहेत. लहानपणी आम्ही त्यावर बसून बोरं खायचो. सेकंड इयरला फादरांनी (आमचे इतिहासाचे प्रोफेसर फादरच होते) विचारलं, तुझ्या गावात जुनं काय आहे? मी दगड म्हटलं. शोधायला लागले तर स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटिश मिशनरी सप्टेंबर १८६३मध्ये आमच्याच टाकळघाटचे दगड पाहून घोड्यावरून परतताना बोरीच्या नाल्याच्या पुरात बुडून मेलेला! लोखंडयुगातल्या माणसांची दफनं आहेत ती. मी इतकी वर्षं थडग्यावर बसून बोरं खाल्ली.
त्याचे कागद रिचर्ड टेंपलनं १८६६ला छापले. त्यात एका परधानाकडून (परधान म्हणजे गोंडांची गाणी-कथा गाणारे) ऐकून उतरवलेलं, गोंडांच्या पुराणपुरुष लिंगोचं गोंडी गीत आहे. मला वाटलं होतं फादर हिस्लॉपचं कौतुक करतील. त्यांनी फळ्यावर लिहिलं, गाणं गोंडांचं, लिहिणारा मिशनरी, छापणारा इंग्रज अधिकारी. मधे काय काय गळालं असेल? त्यावर दोन तास वर्ग भांडत होता, आणि सगळ्यात जोरात बोलणारी केरळची एक ख्रिश्चन मुलगी होती. मिशनऱ्यांवर टीका करायला तिथं कोणी अडवलं नाही.
पैशाचं मात्र नीट बघा. फी आपल्याकडच्या अनुदानित कॉलेजच्या कितीतरी पट. महाडीबीटीवर (राज्य सरकारचं शिष्यवृत्तीचं पोर्टल) त्या कॉलेजचं नाव दिसतं का ते आधी तपासा, राज्याबाहेर सगळ्या योजना लागू होत नाहीत. प्रवेशाआधी "बघू नंतर" म्हणणाऱ्या क्लार्कवर मी विश्वास ठेवला आणि बाबांना गोऱ्हे विकावे लागले. नोकरी? मी सध्या एका संग्रहालयात कंत्राटी आहे. पगार फार नाही.

कापूसवाला_राळेगाव
गोऱ्ह्यांचं वाचून काळजात चर्र झालं बाई. पोरगी ऑगस्टात अठराची होते, म्हणजे तोवर सही माहीच लागन. गुरुजी, हिस्लॉपचा फॉर्मही भरून ठेवतो.
पोरगी मागून वाचून राहिली होती. आमचा सालदार परधान आहे, त्याचा बाप किंगरी वाजवायचा. ते लिंगोचं गाणं त्याले येते का, हे इचारायला आताच सायकल घेऊन गेली. जेवण तसंच झाकून आहे.