शब्दचर्चा : 'गाढ झोप' आणि 'साखरझोप' अहवालात कुठे बसतात?

भाषांतरकार, कॉलेज रोड : नाशिकमधल्या झोपतपासणी केंद्रासाठी मराठी पत्रक करते आहे. अहवालात जाग आणि झोपेच्या अवस्थांच्या पाच खुणा येतात : डब्ल्यू, एन१, एन२, एन३ आणि आर. त्यांना जागेपण, पेंग, हलकी झोप, गाढ झोप, साखरझोप असे शब्द योजलेत. चालतील का?

निद्रातंत्रज्ञ, पंचवटी : एन३ला 'गाढ झोप' बिनदिक्कत लिहा, ती मोजून ठरते. रात्रभर टिपलेला मेंदूच्या विद्युत लाटांचा आलेख ३० सेकंदांच्या तुकड्यांत वाचतात. त्यातले निदान ६ सेकंद अर्धा ते दोन हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला अर्धी ते दोन अशा, मंद लाटांचे असले आणि कपाळाकडच्या इलेक्ट्रोडवर (डोक्याला चिकटवलेल्या, लाटा टिपणाऱ्या वाटीवर) त्या लाटांची उंची, तळापासून माथ्यापर्यंत, ७५ मायक्रोव्होल्टच्या वर भरली, की तो तुकडा एन३. झोपेच्या अवस्था ठरवण्याच्या १९६८च्या रेक्टशाफेन-केल्स नियमांत हिच्याच तिसरी आणि चौथी अशा दोन पायऱ्या होत्या. अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनने २००७मध्ये त्या एक केल्या. जुन्या पुस्तकातून 'अतिगाढ' उचलला असेल तर काढून टाका.

भाषांतरकार : तुकडा ३०च सेकंदांचा का? आणि त्याला इंग्रजीत 'एपॉक' म्हणतात, त्याला मराठीत काय म्हणू?

निद्रातंत्रज्ञ : पूर्वी आलेख कागदावर निघायचा. कागद सेकंदाला १० मिलिमीटर सरकायचा आणि पान ३० सेंटिमीटरचं असायचं. एक पान म्हणजे ३० सेकंद. 'पान' हाच शब्द घ्या. एका पानात दोन अवस्था आल्या तर जिचा वाटा मोठा तिचं नाव पानाला.

डॉक्टर, नाशिक रोड : साखरझोप मात्र आरला, म्हणजे डोळे झटकन हलतात त्या अवस्थेला, देऊ नका. तो शब्द वेळ सांगतो, अवस्था नाही. पहाटेची, उठवत नाही अशी झोप म्हणजे साखरझोप. त्या वेळी आर वाढलेली असते हे खरं. आरचा पहिला फेरा झोप लागल्यावर साधारण दीड तासाने येतो आणि काही मिनिटांत आटोपतो, पहाटेकडचे फेरे बरेच लांबतात. पण पहाटे एन२सुद्धा भरपूर असते. एन३चा मोठा हिस्सा रात्रीच्या पहिल्या तृतीयांशातच उरकलेला असतो. म्हणजे 'पहाटे गाढ झोप लागते' असं रुग्ण सांगतो, तिथे आलेखावर बहुधा एन३ नसतेच. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत रात्रपाळी करून सकाळी आठला आडवं होणाऱ्याचा विचार करा. त्याची एन३ सकाळीच, झोपेच्या सुरुवातीला येईल. आर मात्र शरीराच्या घड्याळालाही बांधलेली असते, त्यामुळे ती त्याला लवकर गाठू शकते. त्याच्या अहवालात 'साखरझोप' वाचून काय अर्थ लावायचा?

संस्कृत शिक्षक, गंगापूर रोड : मग आरला 'स्वप्न' आणि एन३ला 'सुषुप्ती' का नको? मांडूक्य उपनिषदात जागृत, स्वप्न, सुषुप्ती हा क्रम तयारच आहे.

डॉक्टर : सर, शब्द सुंदर आहेत, पण ते अनुभवाची नावं आहेत. अ‍ॅसरिन्स्की आणि क्लाइटमन या संशोधकांनी १९५३मध्ये डोळ्यांच्या जलद हालचालींशी स्वप्नाचा संबंध दाखवला. आरमधून उठवलं तर माणूस स्वप्न अधिक वेळा सांगतो, पण एन२मधून उठलेलेही सांगतात. तंत्रज्ञ स्वप्न बघत नाही. तो तीन गोष्टी बघतो : मेंदूच्या लहान उंचीच्या मिश्र लाटा, डोळ्यांच्या झटकन होणाऱ्या हालचाली आणि हनुवटीच्या स्नायूंचा उतरलेला ताण.

भाषांतरकार : 'नेत्रचलन झोप' लिहू?

निद्रातंत्रज्ञ : 'जलद' हवंच. एन१मध्येही डोळे फिरतात, पण सावकाश, या कडेपासून त्या कडेपर्यंत. 'जलद नेत्रचलन झोप' लिहा.

'पेंग'ही एन१ला नको. पेंगणारा माणूस आलेखावर अजून जागा असू शकतो, आणि दहा मिनिटांच्या डुलकीत एन२ येऊन जाते. एन१मधून उठवलं तर पुष्कळ जण 'मी जागाच होतो' म्हणतात. 'झोपेची सुरुवात' पुरे. 'डोळा लागणे' मात्र वाया घालवू नका. दिवा मालवल्यापासून झोपेच्या पहिल्या पानापर्यंतच्या मिनिटांना 'डोळा लागायला लागलेला वेळ' यापेक्षा चांगलं मराठी मिळणार नाही.

डॉक्टर : एन२ला 'हलकी' म्हटलं की रुग्ण घाबरतो, कारण मोठ्या माणसाची जवळजवळ अर्धी रात्र तीच असते. ११ ते १६ हर्ट्झच्या चातीसारख्या लहरी आणि के-कॉम्प्लेक्स, म्हणजे मध्येच उठून दिसणारी एक मोठी लाट, या तिच्या खुणा. 'मधली झोप' म्हणा.

भाषांतरकार : पटलं. पूर्वतयारीच्या सूचनांत 'केस स्वच्छ असावेत' एवढंच लिहिलंय.

निद्रातंत्रज्ञ : तेवढ्याने भागणार नाही, मॅडम. आपल्याकडे डोकं धुऊन लगेच खोबरेल चोपडतात. 'शाम्पूने धुवा, नंतर तेल, जेल काही लावू नका' असं लिहा. नाकाच्या मुळापासून डोक्याच्या मागच्या उंचवट्यापर्यंत आणि कानापासून कानापर्यंत फीत लावून टाळूचा मध्य काढतात. कानांमधलं अंतर ३६ सेंटिमीटर असेल तर मध्यापासून उजवीकडे २० टक्के, म्हणजे ७.२ सेंटिमीटरवर सी४ या इलेक्ट्रोडच्या जागेची खूण. तिथली त्वचा घासून, वाटीत पेस्ट भरून इलेक्ट्रोड बसवतात आणि विद्युत अडथळा ५ किलोओमच्या आत आणतात. तेलावर तो येत नाही. वाटी सुटू लागली की ५० हर्ट्झची घरगुती वीज आलेखात घुसते.

घामाचंही लिहा. एप्रिल-मे महिन्यांत खोली तापली की घामामुळे रेघ संथ डोलते आणि ती मंद लाटांसारखी दिसते. नवखा वाचणारा त्याला एन३ समजतो आणि नसलेली गाढ झोप अहवालात चढते. म्हणून 'सुती, सैल कपडे आणा. उकडलं तर रात्री कर्मचाऱ्याला हाक मारा' ही ओळ ठळक अक्षरांत छापा.