मॉडेल भाड्यानं मिळतं, सोबती नाही

‘ज्या कंपनीचं एआय मॉडेल सरस, तीच टिकणार’ हे म्हणणं मला अर्धंच पटतं. मॉडेल आज एपीआयवरून (म्हणजे दुसऱ्याचं सॉफ्टवेअर आपल्या सॉफ्टवेअरला जोडायच्या सोयीतून) भाड्यानं मिळतं, आणि प्रतिस्पर्ध्यालाही तेच मिळतं. मग वेगळेपण उरतं कशात? आपल्या डेटात, आणि आपल्याभोवती कोण कोण धंदा करतंय त्यात.

नोकियाचं उदाहरण जुनं, पण अजून चपखल बसतं. २०११ मध्ये कंपनीचे तेव्हाचे सीईओ स्टीफन इलॉप यांनी कर्मचाऱ्यांना लिहिलेल्या गाजलेल्या पत्रात कबूल केलं होतं, की लढाई आता फोना-फोनांची राहिली नाही, परिसंस्थांची, म्हणजे फोनभोवती जमलेल्या ॲप आणि सेवांच्या जाळ्यांची, झाली आहे. हार्डवेअर नोकियाचं दणकट होतंच (ते जुने फोन आठवा!), पण ॲप लिहिणारे आयफोन आणि अँड्रॉइडकडे वळले होते.

आता गंमत बघा. मायक्रोसॉफ्टनं २०१९ मध्ये ओपनएआयमध्ये (चॅटजीपीटीवाली कंपनी) १ अब्ज डॉलर गुंतवायचं जाहीर केलं, त्यांची मॉडेलं स्वतःच्या अझूर या क्लाउड सेवेवर चालवली, कोपायलट या आपल्या एआय मदतनीसात बसवली. आणि २०२४ च्या वार्षिक अहवालात त्याच ओपनएआयचं नाव स्पर्धकांच्या यादीत टाकलं! भागीदार, गिऱ्हाईक आणि स्पर्धक, तिन्ही एकच. जुन्या स्ट्रॅटेजीच्या तक्त्यात या नात्याला कुठला कप्पा द्यायचा?

म्हणून पाच वर्षांचा प्लॅन बांधून कपाटात ठेवण्याआधी ‘उद्या पुरवठादार बदलला तर आपला डेटा घेऊन बाहेर कसं पडायचं’ हे करारातलं कलम वाचावं. बऱ्याचदा ते मागच्या पानांत दडलेलं असतं आणि सही आधीच झालेली असते.