शक्तिमान कटरखाली जाऊ द्यायचा, की घरी आणायचा?

मुळशीकर_७२ :

चाकणच्या बाजूला एका भंगार यार्डात लिलावातून आलेला एक शक्तिमान, म्हणजे आपल्या लष्कराचा जुना ट्रक, उभा आहे. केबिन शाबूत, पुढची काच तडकलेली, हौद्याच्या फळ्या कुजलेल्या, इंजिन जागेवर. यार्डवाल्याला तो वजनावर विकायचा आहे. गिऱ्हाईक आलं नाही तर गॅस कटर लागेल, इंजिन वेगळं जाईल आणि ॲक्सल कुठल्यातरी ऊसवाहतुकीच्या ट्रॉलीखाली.

पिरंगुटच्या पुढे माझी थोडी जागा आहे, वर पत्र्याची शेड आहे. मी हा ट्रक घ्यावा असं माझं मत झालंय. त्यापुढे जाऊन म्हणतो, ज्याच्याकडे जागा आणि चिकाटी आहे त्याने असे ट्रक घ्यायलाच हवेत.

जर्मनीच्या मान कंपनीच्या परवान्यावर १९५९ पासून जबलपूरला शक्तिमान बनू लागला, तेव्हा व्ही. के. कृष्ण मेनन संरक्षणमंत्री होते. उत्पादन थांबलं १९९६ च्या सुमारास. म्हणजे ६५ आणि ७१ ची दोन्ही युद्धं आणि त्यानंतरची अडीच दशकं याच गाडीने माणसं, पीठ, डिझेल, दारूगोळा वाहिला. आपण रणगाडे चौकात मांडतो, निवृत्त विमानं चौथऱ्यावर चढवतो. त्या रणगाड्यापर्यंत तेल पोचवणारा ट्रक मात्र कुणाला आठवत नाही.

याआधी एकदा असंच झालंय. दुसऱ्या महायुद्धात कॅनडाने आठ लाखांहून अधिक लष्करी वाहनं बनवली. त्यातली बरीच भारतात आली, काहींच्या चासीवर टाटांनी जमशेदपूरला चिलखती गाड्या बांधल्या. युद्ध संपल्यावर तेच ट्रक 'डिस्पोजलचा माल' म्हणून विकले गेले आणि माल वाहता वाहता झिजून संपले. पुण्याच्या रस्त्यावर मी त्यातला एकही पाहिलेला नाही. शक्तिमानचं तेच होऊ नये एवढंच म्हणणं आहे. विरोधी मतं जरूर मांडा.

सदाशिव_४११०३० :

विरोधी मत हवंय, तर घ्या. भावना बाजूला ठेवा आणि कागद बघा.

लष्कराच्या गाड्यांची नोंदणी मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ६० खाली वेगळी होते. गाडी संरक्षणाच्या कामातून बाहेर पडली की तिला कलम ३९ आणि ४० लागू होतात, म्हणजे आरटीओत सामान्य नोंदणी केल्याशिवाय ती रस्त्यावर आणता येत नाही. तुमच्या यार्डवाल्याने ती भंगार म्हणून घेतली असेल, आणि लिलावाचा कागदही तसंच म्हणत असेल, तर नोंदणीचा प्रश्न तिथेच संपला. मग तुमच्या शेडमध्ये काही टन लोखंड आहे, ट्रक नाही.

'व्हिंटेज'चं नाव कुणी काढायच्या आत सांगतो. जुलै २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज वाहनांचे नियम आणले. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, पुनर्नोंदणीला ५,०००, नंबरात 'व्हीए' अक्षरं, मुदत दहा वर्षं. पण ते लागू आहेत दुचाकींना आणि एम१ वर्गाला, म्हणजे प्रवासी मोटारींना. मालवाहू ट्रक त्यात बसत नाही. शिवाय गाडी पन्नास वर्षांहून जुनी हवी. ऐंशीच्या दशकातला शक्तिमान दोन्ही अटींत नापास.

वर्कशॉपवाला_खडकी :

मी ईएमईमधून, म्हणजे लष्कराच्या गाड्या आणि यंत्रं दुरुस्त करणाऱ्या दलातून, निवृत्त. या गाडीखाली माझी उमेद गेलीय, म्हणून लिहितो.

घ्यायला हरकत नाही साहेब, पण कशी घ्यायची ते समजून घ्या. लोक यार्डात जातात, बॅटरी लावतात, इंजिन धडधडलं की खूश होऊन पैसे देतात. इंजिन ही सगळ्यात सोपी गोष्ट आहे. वर्षानुवर्षं उभी राहिलेली गाडी मारते ती ब्रेकमध्ये. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं, व्हील सिलिंडरला आतून गंज धरतो, रबरी होज बाहेरून चांगला दिसतो आणि आतून फुगून बंद झालेला असतो. मग पेडल दाबलं की ब्रेक लागतो, पण सुटत नाही. किंवा एका बाजूचाच लागतो आणि पाच टनांची गाडी दुसऱ्या लेनमध्ये जाते. म्हणून आधी चारही चाकं उघडायची, सगळं रबर नवं टाकायचं. त्यानंतर डिझेलची टाकी उतरवून धुवायची, कारण तळाला गाळ असतोच आणि तो पंपात गेला तर खर्च दुप्पट. इंजिन सुरू करायची वेळ यानंतर येते.

दुसरी गोष्ट चाकांची. जुन्या ट्रकची रिंग एकसंध नसते, लॉक रिंग वेगळी असते. ती गंजलेली असताना हवा भरली तर उडते आणि समोरच्या माणसाचा जीव घेते. चाक लोखंडी पिंजऱ्यात ठेवूनच हवा भरायची. महायुद्धातल्या काही गाड्यांची चाकं दोन पाकळ्यांची, बोल्टने जोडलेली असत. ब्रिटिश लष्करात पाकळ्या जोडणारे नट लाल रंगवत, टायरमध्ये हवा असताना त्यांना हात लावायचा नाही म्हणून. रंग उडालेली अशी गाडी कुणी घेतली, तर त्याला आधी हे सांगा. रस्त्याकडेच्या पंक्चरवाल्या पोराला ते माहीत नसणार आणि उघडायला तोच बसणार.

एक सल्ला. पहिलीच गाडी असेल तर शक्तिमान सोडा, निसान वनटन हा लष्कराचा लहान ट्रक किंवा जोंगा ही लष्करी जीप बघा. त्याही जबलपूरच्याच. जोंगाचं इंजिन सहा सिलिंडरचं, जवळजवळ चार लिटरचं पेट्रोल, त्यामुळे तेल पिते. पण दोन माणसं मिळून तिचा गिअरबॉक्स उतरवू शकतात. शक्तिमानचा उतरवायला सांगाडा आणि चेनपुली लागते.

मुळशीकर_७२ :

@वर्कशॉपवाला, काका, हे कुठे वाचायला मिळालं नसतं. चाकांचं लगेच डोक्यात घेतलं.

@सदाशिव, भंगार म्हणून गेलेल्या गाडीला नोंदणी मिळणार नाही हे मान्य. मग ती रस्त्यावर आणणार नाही. लो-बेड ट्रेलरवर चढवून शेडमध्ये नेईन, माझ्याच जागेत आवारात फिरवीन. गाडी जपण्यासाठी तिला लक्ष्मी रस्त्यावरून न्यायची गरज नाही. तुमचा मुद्दा 'चालवू नका' इथवर पोचतो. तो 'वाचवू नका' इथवर का ताणता?

मीरा_औंध :

माझे बाबा आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये ड्रायव्हर होते. त्यांची सगळी उमेदीची वर्षं शक्तिमानच्या स्टिअरिंगवर गेली. तरीही मी या बेताच्या विरोधात आहे.

ही गाडी ज्यांनी चालवली त्यांच्यासाठी ती हौस नव्हती. बाबांचे खांदे त्या स्टिअरिंगने गेले, ऐकू येणं इंजिनाच्या आवाजाने गेलं. हिवाळ्यात पहाटे इंजिनाखाली शेगडी धरून बसायचं, मग सुरू करायची, मग दिवसभर घाट. आता तीच गाडी कुणाच्या तरी फार्महाऊसवर उभी राहणार, हौद्यात दिवे लावून वाढदिवस होणार, टपावर उभं राहून फोटो निघणार. मुळशीकर, तुम्ही तसे नसाल. पण तुम्ही 'ज्याच्याकडे जागा आहे त्याने' असं सरसकट लिहिलंय, आणि पुण्याच्या आसपास जागा कुणाकडे आहे हे आपण सगळे जाणतो. धोनी रांचीत जोंगा घेऊन फिरतो तेव्हा तो स्वतः टेरिटोरियल आर्मीत मानद लेफ्टनंट कर्नल आहे, त्याचा तिच्याशी काही संबंध तरी आहे. त्याचे फोटो बघून गाडी शोधणाऱ्याचा काय?

अशी गाडी सार्वजनिक जागी हवी, जिथे माझ्यासारख्या कुणाच्याही मुलीला जाऊन ती बघता येईल. अहिल्यानगरचं रणगाडा संग्रहालय आपल्यापासून काही तासांवर आहे. तसंच एक संग्रहालय वाहतुकीच्या गाड्यांचं मागूया. खासगी मालकाच्या फाटकाला कुलूप असतं.

औसेकर_हडपसर :

मीराताई, तुमचं वाचून गप्प बसलो होतो थोडा वेळ. पण एक सांगतोच.

३० सप्टेंबर १९९३. किल्लारी. आमचं गाव तिथून फार लांब नाही. पहाटे चारच्या सुमारास जमीन हलली, उजेडल्यावर कळलं की माळवदाची घरं माणसांवर बसलीत. वरून पाऊस. आमच्या रस्त्याला चिखल असा की एसटी येईना. लष्कराचे ट्रक तेवढे आले. दगड उचलायला जवान त्यांतून उतरले, मढी त्यांतूनच गेली, आणि पुढं लेकरांना दूध-बिस्किटंही त्यांतूनच आली. मी तेव्हा शाळेत होतो. समोरचं ते गोल नाक आणि मधली जाळी मला आजही ओळखू येते.

तुमच्या बाबांची गाडी ती आमचीपण गाडी आहे ताई. आमच्या भागात तिची आठवण ठेवायला एक सुद्धा उभी नाही. संग्रहालय होईल तेव्हा होईल, त्याची फाईल फिरेपर्यंत यार्डवाला थांबेल का? आत्ता कुणी स्वतःच्या पैशाने वाचवतो म्हणत असेल तर त्याला वाचवू द्या. पुढं संग्रहालय झालं तर द्यायला गाडी तर असेल.

ओक_कोथरूड :

आर्थिक बाजू कुणीच मांडत नाहीये. वजनाच्या भावाने घेतलेला ट्रक स्वस्त वाटतो, पण ट्रेलर, क्रेन, टायर, रबर, फळ्या, वायरिंग असं करत विकतच्या भावाच्या कितीतरी पट पैसे त्यात जातात, आणि नोंदणी नसलेल्या गाडीला परत विकताना पुन्हा वजनाचाच भाव येतो. घरच्यांशी आधी बोला. माझा विरोध इतकाच.

संग्रह_आणि_जतन :

माझं काम वस्तूंच्या जतनाचं आहे. मीराताईंचा मुद्दा मनाला पटतो, पण संग्रहालय हे उत्तर वाहनांच्या बाबतीत अपुरं आहे.

संग्रहालयाला मिळालेला ट्रक बहुधा उघड्यावर उभा राहतो, कारण छपराखालची जागा महाग. टायर जमिनीला टेकून चिरतात, ऑइल सील कोरडे होतात, जोडांत पाणी साचतं, आणि दरवर्षी त्यावर रंगाचा नवा थर चढतो. काही वर्षांनी आतलं यंत्र दगड होतं, बाहेरून मात्र गाडी चकचकीत. यंत्र जपायचं तर ते अधूनमधून फिरवावं लागतं, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे ते फिरवणाऱ्याचं ज्ञान जपावं लागतं. वरचा खडकीच्या काकांचा प्रतिसाद पुन्हा वाचा. ते ज्ञान कुठल्या कपाटात ठेवणार? ब्रिटनमध्ये आणि अमेरिकेत महायुद्धातले ट्रक आजही चालू आहेत त्याचं मुख्य कारण म्हणजे हजारो खासगी मालक, त्यांच्या संघटना आणि आपसात फिरणारे सुटे भाग.

मात्र मूळ धाग्यातल्या 'ज्याच्याकडे जागा आहे त्याने घ्यावा' याला माझाही विरोध आहे. जो नोंद ठेवेल त्याने घ्यावा. चासी नंबर, इंजिन नंबर, कुठला रंग कुठल्या थराखाली होता, कुठला भाग बदलला, बदललेला जुना भाग कुठे ठेवला. ही वही नसेल तर खासगी मालकाने केलेली दुरुस्ती आणि कटर यांत मला फारसा फरक वाटत नाही.

सदाशिव_४११०३० :

रंगाचा विषय निघालाच आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९, नियम १२१. संरक्षण खात्याच्या गाड्या सोडून कुठल्याही मोटार वाहनाला ऑलिव्ह ग्रीन रंग देता येत नाही. म्हणजे अस्सल रूपात गाडी ठेवायची तर ती रस्त्यावर बेकायदा, आणि कायदेशीर ठेवायची तर रंग बदललेली. वर जाणाऱ्या बाणाचं चिन्ह असलेला लष्करी नंबर नवा रंगवून मिरवणारे तर मी स्वतः पाहिलेत. तोतयेगिरीचा गुन्हा अंगावर आला तर हौस महागात जाईल.

आणि वनटन-जोंगाचा सल्ला देणाऱ्या काकांना आदरपूर्वक : जोंगा एम१ मध्ये बसेलही, पण पन्नास वर्षं मोजायची कुठून? नियमात 'पहिल्या विक्रीनंतरची पहिली नोंदणी' आहे. लष्कराला मिळाली ती पहिली, की लिलावानंतर आरटीओत झाली ती? आरटीओकडून लेखी उत्तर घेतल्याशिवाय एक रुपया देऊ नका. व्हिंटेज नोंदणी मिळाली तरी रोज चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन, दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर.

वर्कशॉपवाला_खडकी :

@सदाशिव, तुमचं कायद्याचं बरोबर आहे आणि मी त्याच्या बाजूने आहे. आमच्या बाणाचा नंबर कुणी सिव्हिलियनने लावलेला मलाही चालत नाही. शक्तिमान रस्त्यावर न्यायचाच असेल तर भारासह वजन साडेसात टनांच्या वर जातं, हलक्या वाहनाच्या लायसन्सवर तो चालत नाही, हेही लिहून ठेवा. नवशिक्याने डबल क्लच, म्हणजे गिअर बदलताना दोनदा क्लच दाबणं, न करता घाट उतरायला काढला तर गिअर पडत नाही आणि गाडी मोकळी सुटते. पण आवारात, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, दर पंधरवड्याला अर्धा तास फिरवली तर कुणाचं काही बिघडत नाही.

@मीराताई, तुमच्या बाबांना नमस्कार सांगा. त्यांची बोलायची इच्छा असेल तर मुळशीकरांनी त्यांना गाडीपाशी न्यावं. ड्रायव्हरला गाडीच्या ज्या खोडी माहीत असतात त्या आम्हा वर्कशॉपवाल्यांनाही माहीत नसतात.

मीरा_औंध :

बाबा आता फारसे बाहेर पडत नाहीत, पण फोनवर बोलतील. माझं मत बदललेलं नाही. खासगी फाटकामागे गाडी गेली की ती बघायला परवानगी मागावी लागते, आणि परवानगी देणारा माणूस कायम चांगलाच असेल याची हमी नसते. मुळशीकर, तुमच्यानंतर ती कुणाची? तुमच्या मुलांना जागा विकायची वेळ आली तर? हे आज लेखी करा. गाडी पुढे संस्थेलाच जाईल असं इच्छापत्रात घाला. तेवढं केलंत तर मी विरोध सोडणार नाही, पण यार्डात जाऊ नका असंही म्हणणार नाही.

मुळशीकर_७२ :

ताई, इच्छापत्राचा मुद्दा माझ्या मनात आलाच नव्हता आणि तो सगळ्यांत वजनदार आहे. घालतो. औसेकर, किल्लारीबद्दल तुम्ही लिहिलंत त्याचा एक कागद गाडीसोबत ठेवू द्याल का? वहीत पहिल्या पानावर.

'ज्याच्याकडे जागा आहे' हे शब्द मी मागे घेतो. बाकी मत तेच. शनिवारी यार्डात जाऊन लिलावाचे कागद बघतो. त्यावर भंगार लिहिलेलं असेल तर रस्त्याचा विचार सोडून देणार, पण गाडी सोडणार नाही. रंगाला एवढ्यात हात लावत नाही, आधी ब्रेक.

सदाशिव_४११०३० :

लिलावाच्या कागदासोबत लष्कराने गाडी सोडल्याचं पत्र, त्यावरचे चासी आणि इंजिन नंबर, आणि यार्डवाल्याचं जीएसटीचं बिल मागा. चासीवर ठोकलेला नंबर स्वतः तारेच्या ब्रशने घासून वाचा, यार्डवाल्याच्या तोंडी शब्दावर जाऊ नका. नंबर जुळला नाही तर तिथून निघा. मी अजूनही नको म्हणतो.