ग्रीस क्रूझ: बंदरांची संख्या नको, वेळ बघा

ग्रीसच्या बेटांची क्रूझ चार दिवसांत पाच बंदरांची घ्यावी की सात दिवसांची, असं विचारलंयत. पंधरा वर्षांचा मुलगा बरोबर आहे तर माझं मत सरळ सात दिवसांच्या बाजूने. चार दिवसांच्या क्रूझमध्ये एकेका बेटावर जेमतेम चार-पाच तास मिळतात. त्यातून सांतोरिनीला मोठं जहाज धक्क्याला लागतच नाही. खोल काल्डेरात, म्हणजे ज्वालामुखीच्या पाण्याने भरलेल्या विवरात, उभं राहतं, मग लहान बोटीने जुन्या बंदरावर उतरायचं आणि वर कड्यावरच्या फिरा गावाला जायला केबल कार, नाहीतर पाचशेच्या वर पायऱ्या. तीन-चार जहाजं एकदम आली की केबल कारच्या रांगेतच अर्धा वेळ जातो. आमची लेक वैतागून पायऱ्यांनी उतरली, आणि सगळ्या ट्रिपमधलं तेच तिला आवडलं म्हणे!

त्याउलट ऱ्होड्स. जहाजातून उतरलं की चालत जुन्या शहराच्या तटबंदीच्या आत. पोरांना एकटं फिरू देता येतं, आणि या वयात तेच हवं असतं. मिकोनोसला मुक्काम रात्रीपर्यंत असेल तर दिवसा बोटीने शेजारचं डेलोस, प्राचीन अवशेषांचं बेट, गाठा.

वाटेत तुर्कस्तानातलं कुशादासी बंदर असेल तर शेंगेनबाहेर जाऊन परत यायचं असतं, म्हणून शेंगेन व्हिसा मल्टिपल एंट्रीचाच घ्या, तुर्कस्तानच्या व्हिसाचं वेगळं विचारा. जुलै-ऑगस्टमध्ये मेल्टेमी हा उत्तरेचा जोरदार वारा सुटतो, कधी बंदरच रद्द होतं. त्यामुळे मे अखेर किंवा जूनची सुरुवात बरी.

शाकाहारी असाल तर सांतोरिनीचा फावा खा. आपल्या लाखेच्या डाळीच्या जातकुळीतला, घट्ट वरणच जणू.