खून इतक्या उशिरा होतो, म्हणून 'अ‍ॅट बर्ट्रम्स हॉटेल' फसली का?

पार्ल्याची वाचक (धागा सुरू करणारी)

आधीच सांगते, पुढे सगळं रहस्य फोडलेलं आहे. कादंबरी वाचायची असेल तर इथेच थांबा.

दादरच्या आमच्या वाचनगटात या महिन्यात अगाथा ख्रिस्तीची 'अ‍ॅट बर्ट्रम्स हॉटेल' (१९६५) घेतली होती. बहुतेकांनी नाकं मुरडली. "अर्ध्याहून जास्त पुस्तक संपलं तरी खून कुठाय?" हाच सूर. मला ती मिस मार्पलच्या, म्हणजे ख्रिस्तीच्या म्हाताऱ्या हौशी गुप्तहेर बाईच्या, उत्तरार्धातल्या कादंबऱ्यांमध्ये सगळ्यात धीट वाटते.

लंडनच्या मेफेअर भागात आडरस्त्यावर हे हॉटेल आहे. दुसरं महायुद्ध झालं, बाहेरचं शहर बदललं, पण आत शिरलं की राजा एडवर्डच्या काळातलं इंग्लंड जसंच्या तसं. पेटती शेकोटी, उंच पाठीच्या खुर्च्या, लोणी ओघळणारे मफिन, शहाजिरं घातलेला खरा सीड केक, चहाची सगळी व्यवस्था डोळ्यांत तेल घालून पाहणारा हेन्री. मिस मार्पल चौदा वर्षांची असताना काका-काकूंबरोबर इथे राहून गेलेली. आता भाचा आणि भाचेसून तिला सुट्टीला पाठवायचं म्हणतात, तर ती बर्ट्रम्सच मागून घेते.

माझा मुद्दा असा, की या कादंबरीत गुन्हेगार शोधायला प्रेतापर्यंत थांबावंच लागत नाही. सुरुवातीलाच कर्नल लस्कम मॅनेजरला विचारतो, की ही हातातोंडाशी गाठ असलेली खानदानी म्हातारी माणसं इथलं भाडं देतात कशी? मॅनेजर शांतपणे सांगतो, त्यांना खास कमी दर असतो. त्यांच्यामुळे वातावरण तयार होतं आणि ते बघायला अमेरिकन पाहुणे पूर्ण पैसे मोजून येतात. म्हणजे दिवाणखान्यातली माणसं ही सजावट आहे, हे लेखिकेने आपल्या तोंडावर सांगून टाकलं. आपण मान डोलावतो आणि मफिनकडे वळतो. पुढे कळतं, की हे हॉटेल एका मोठ्या दरोडेखोर टोळीचं केंद्र आहे. जिथे बिशप आणि सरदारांच्या विधवा चहा पितात, तिथे चोरीचा माल कोण शोधणार? इतकं नेमकं पेरलेलं धागादोरा-काम मी फार कमी वेळा वाचलंय.

गिरगावकर

ताई, पेरणी छान आहे, मान्य. पण रहस्यकथा वाचकाशी एक करार करते. कोडं घालीन, दुवे देईन, तू सोडव. इथे हॉटेलचा दरवान मायकेल गॉर्मन धुक्यात गोळी लागून मरतो, तेव्हा पुस्तक शेवटाकडे झुकलेलं असतं. तोवर आपण काय सोडवायचं?

आणि योगायोग किती! हॉटेलात उतरलेली बेस सेजविक आणि गॉर्मन यांचं जुनं गुपित मिस मार्पलला कळतं, कारण ती नेमकी उंच पाठीच्या खुर्चीत दडल्यासारखी बसलेली असते. पुढे लंडनमध्ये हिंडताना तिला नेमकी हीच माणसं दिसत राहतात. एवढ्या मोठ्या शहरात! दादर स्टेशनवरसुद्धा ओळखीचा माणूस इतक्या सहज भेटत नाही. खरी पोलिसी मेहनत चीफ इन्स्पेक्टर डेव्ही करतो, मार्पल बघत बसते.

काळ बदलल्याची व्यथा गुन्ह्यात कशी गुंफावी, हे बाईंनी आधीच दाखवलं होतं. 'अ मर्डर इज अनाउन्स्ड' (१९५०) घ्या. युद्धानंतरचं खेडं, रेशनचे दिवस, शेजारी कोण कुठून आला ते कुणालाच ठाऊक नाही. तो सांगेल तीच त्याची ओळख. खुनाचा सगळा डाव त्या सामाजिक फटीतून उभा राहतो, आणि गोळी सुरुवातीलाच सुटते. तिथे व्यथाही आहे आणि कोडंही. बर्ट्रम्समध्ये नुसतं वातावरण.

पार्ल्याची वाचक

कोडं नाही असं कसं म्हणता? कॅनन पेनीफादरचं काय? इतका विसरभोळा धर्मगुरू, की ल्यूसर्नच्या परिषदेला निघतो आणि तारीख उलटून गेल्यावर विमान पकडायला जातो. मध्यरात्री हॉटेलवर परततो, खोलीचं दार उघडतो, आणि समोर खुर्चीत तो स्वतःच बसलेला! डोक्यात फटका बसतो आणि माणूस बेपत्ता. त्याच पहाटे आयरिश मेल गाडी लुटली जाते. मिस मार्पलने मात्र पहाटे तीनच्या सुमारास 'त्याला' जिना उतरताना पाहिलेलं असतं.

इथे तुमच्या 'बघत बसते'ला उत्तर आहे. नंतर तिला उमगतं, की तो कॅनन नव्हता. चेहरा तोच, कपडे तेच, पण चाल तरुण माणसाची. हॉटेलचा अख्खा धंदा या एका निरीक्षणावर उघडा पडतो. दरोड्याच्या जागी एखादा न्यायाधीश किंवा पाद्री दिसल्याचं साक्षीदार शपथेवर सांगतात, तो खरा माणूस दुसरीकडेच असल्याचं सिद्ध होतं, आणि साक्षच निकामी ठरते. प्रतिष्ठित माणसाला आपण नीट बघत नाही, त्याचा पोशाख बघतो. मार्पल माणूस बघते. हे गुप्तहेराचं काम नाही तर काय आहे?

फोर्टातली वकील

मधे पडते, कारण दोघांनीही हेतूकडे दुर्लक्ष केलंय.

गाडी लुटण्याचा भाग कुणाला अतिरंजित वाटत असेल तर आठवण करून देते. ८ ऑगस्ट १९६३ ला ग्लासगोहून लंडनला येणारी टपालगाडी बकिंगहॅमशायरमध्ये अडवून सुमारे २६ लाख पौंड लुटले गेले होते. कादंबरी त्यानंतर दोनच वर्षांनी आली. त्या काळच्या इंग्रज वाचकाला संघटित टोळी ही कल्पना परकी मुळीच नव्हती. तिथे ख्रिस्ती आपल्या काळाच्या अगदी जवळ उभी आहे.

अडचण एल्विराची आहे. ही बेसची मुलगी, वडिलांच्या मोठ्या संपत्तीची वारस. आईचं गॉर्मनशी आधी लग्न झालं होतं असं तिला कळतं. ते लग्न कायदेशीर असेल तर वडिलांशी झालेलं लग्न रद्दबातल आणि आपण वारस नाही, या भीतीने ती गॉर्मनला मारते. माझा व्यवसाय वारसाहक्काचा, म्हणून हे खटकतं. मृत्युपत्रात नाव घेऊन एखाद्याला मालमत्ता दिली असेल, तर आईबापांचं लग्न वैध होतं की नव्हतं यावर ते सहसा अवलंबून राहत नाही. जिच्या पायी माणूस मेला ती भीतीच तपासून घ्यायला हवी होती.

तरीही मी गिरगावकरांच्या बाजूने नाही. तिला कुणाला विचारता येत नाही, तीच तर गोष्ट आहे. विश्वस्त वकिलाला सरळ विचारलं असतं तर गुपित फुटलं असतं. अशिलांमध्ये मी हे सतत पाहते. अर्धवट कायदा ऐकलेला माणूस घाबरून जे करून बसतो, ते पूर्ण अडाणी माणूस करत नाही. म्हणून तो खून मला पटतो.

लालबागची

मला दोन्ही बाजूंना एक विचारायचंय. या हॉटेलसाठी आपण हळहळायचं का?

ती शेकोटी कुणी पेटवली, मफिन कुणी वर नेले, हे पुस्तकात पार्श्वभूमीला राहतं. मी चाळीत वाढले. घरकामाला जाणाऱ्या बायका आजूबाजूला होत्या. 'पूर्वी कशी छान सेवा मिळायची' हे वाक्य वाचलं की मला आधी सेवा देणाऱ्याचे हात दिसतात. मुंबईतही असे दिवाणखाने होते. काळा घोड्याचं वॉटसन्स हॉटेल बघा, १८६०च्या दशकात इंग्लंडहून लोखंडी सांगाडा आणून उभारलेलं. ७ जुलै १८९६ ला ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं भारतात पहिल्यांदा तिथे दाखवली गेली. आज ती एस्प्लनेड मॅन्शन म्हणून मोडकळीला आलेली इमारत आहे. ती वाचावी असं मला मनापासून वाटतं, पण तिच्यातलं जुनं जगणं परत यावं असं मुळीच वाटत नाही.

पार्ल्याच्या ताई म्हणतात, लेखिका त्या जुन्या जगाचा बुरखा फाडते. मला तसं वाटत नाही. चहाचं वर्णन बाई इतक्या प्रेमाने करतात, की बुरखा फाडताना त्यांचाच हात थरथरतोय असं जाणवतं.

पार्ल्याची वाचक

लालबागची, हा आक्षेप मला सगळ्यात मोलाचा वाटला. पण तो थरथरता हातच मला हवाय. १९६५ मध्ये ख्रिस्ती पंचाहत्तर वर्षांची होती. जिला त्या काळाचा तिरस्कार आहे, तिने बर्ट्रम्स खोटं ठरवलं असतं तर त्यात काय मोठं?

धोबी तलावाला १९०४ पासूनचं कयानी हे इराणी कॅफे आहे, तिथला ब्रून मस्का आपण खातो. आता मॉलमध्येही वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या, संगमरवरी टेबलं आणि बरण्या मांडून 'जुना इराणी' उभा करतात. चहा चांगला असतो. खुर्चीत बसल्यावर मनाला बरंही वाटतं. आपल्याला बरं वाटावं म्हणून कुणी किती खर्च केला आणि का केला, हा प्रश्न मात्र आपण विचारत नाही. मिस मार्पल तो विचारते. तिला ते हॉटेल हवं असतं. पहिल्या दिवशी ती सुखावते. मग तिला अस्वस्थ वाटू लागतं, कारण कुठलीही जागा इतकी वर्षं अशी राहूच शकत नाही, हे तिला वयामुळे ठाऊक आहे. स्वतःच्या सगळ्यात लाडक्या आठवणीवर संशय घेणारी गुप्तहेर मी दुसरी पाहिलेली नाही.

गिरगावकर

हे सुंदर मांडलंत. पण तुम्ही एका म्हातारीच्या मनाबद्दल बोलताय आणि मी रहस्यकथेबद्दल. शेवट बघा. मुलीला वाचवायला बेस खून स्वतःवर घेते आणि मोटार भरधाव सोडून मरते. एल्विराने खून केलाय हे मार्पल आणि डेव्ही दोघांनाही ठाऊक, डेव्ही तिला सोडणार नाही असं बजावतो, आणि पुस्तक संपतं. पुरावा कुठे आहे? आरोपी समोर आहे, कबुली दिलेली बाई मेली आहे. कोर्टात हे टिकेल का, वकीलबाईंनीच सांगावं.

फोर्टातली वकील

अवघड आहे. बेसची कबुली बचावपक्ष आधी पुढे करेल. पण डेव्हीने तो खटला जिंकावा अशी माझी अपेक्षाच नाही. वीस वर्षांची मुलगी आईचा बळी घेऊन मोकळी फिरते आणि तिला ओळखणारी दोन माणसं जिवंत आहेत, हा शेवट मला कोर्टातल्या निकालापेक्षा जास्त झोंबला.

गिरगावकर

मला नाही झोंबला, अपुरा वाटला. पार्ल्याच्या ताई, पुढच्या महिन्यात गटात 'अ मर्डर इज अनाउन्स्ड' ठेवा. मी चर्चगेटहून ऑफिस सुटल्यावर थेट दादरला येतो. दोन्ही पुस्तकं समोर ठेवून प्रकरणागणिक बोलू.

पार्ल्याची वाचक

ठेवते. लालबागची, तुम्हीही या. त्या खेड्यातल्या घरातली स्वयंपाकीण मिट्झी युद्धात सगळं गमावून आलेली निर्वासित आहे आणि घरातलं कुणी तिचं बोलणं मनावर घेत नाही. तुमच्या प्रश्नाला तिथे बर्ट्रम्सपेक्षा जास्त जागा आहे.