व्ह्यूज आहेत, पण अफिलिएट कमिशन नाही. काय चुकतंय?

प्रश्न (दादर): छोट्या किचनच्या वस्तूंचं इन्स्टाग्राम पेज आहे. अ‍ॅमेझॉनची अफिलिएट लिंक (तिच्यावरून कुणी वस्तू घेतली की मला कमिशन) कॅप्शनमध्ये देते. विक्री शून्य.

उत्तर १: ताई, कॅप्शनमधली लिंक उघडतच नाही. कॉपी करत कोण बसणार? बायोत (प्रोफाइलच्या माहितीत) द्या, स्टोरीत लिंक स्टिकर लावा. स्टोरी २४ तासांत जाते, म्हणून हायलाइटमध्ये ठेवा. असोसिएट्स (अ‍ॅमेझॉनचा अफिलिएट कार्यक्रम) अकाउंटमध्ये हे पेज नोंदवलंय ना, तेही तपासा. बायो आणि स्टोरीसाठी वेगवेगळे ट्रॅकिंग आयडी बनवा, नाहीतर विक्री कुठून आली ते कळणार नाही.

उत्तर २: क्लिकनंतर २४ तासांत वस्तू कार्टमध्ये पडली नाही तर त्या क्लिकचं कमिशन गेलं. म्हणून महागड्या मिक्सरपेक्षा लगेच घेतल्या जाणाऱ्या स्वस्त वस्तूंच्या लिंक आधी द्या. आणि रीलमध्ये नुसतं ‘मस्त आहे’ नको. फोल्डिंग रॅक बंद केल्यावर किती इंच जाड, चाळीतल्या खोलीत दारामागे बसतो का, मापाची टेप लावून दाखवा. मुंबईकर तेवढंच बघतो.

उत्तर ३: स्वतःच्या लिंकवरून स्वतः खरेदी करू नका, अ‍ॅमेझॉन ती कमिशनसाठी धरत नाही. कमिशनची लिंक असलेल्या पोस्टला ‘जाहिरात’ हा शब्द कॅप्शनच्या पहिल्या ओळीत हवा, हॅशटॅगांच्या गर्दीत नको. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार १० लाखांपर्यंत दंड आहे.