मदत हवी आहे: स्क्रीनवर प्रूफं वाचून डोळे चुरचुरतात, रंग आणि कॉन्ट्रास्ट कसा ठेवू?

नमस्कार मंडळी,
मी घरून मराठी प्रूफरीडिंग करते. सध्या दिवाळी अंकांची कामं आहेत त्यामुळे दिवसाचे सात-आठ तास पीडीएफ नाहीतर वर्डची फाइल समोर असते. कागदावर प्रूफं यायची तेव्हा एवढा त्रास नव्हता, आता दुपारी चारनंतर डोळे चुरचुरतात, कपाळ ठणकतं, आणि खरी काळजी म्हणजे चुका सुटायला लागल्यात. परवा एका लेखात 'वर्षं'वरचा अनुस्वार नव्हता आणि मला तो दिसला नाही, रफाराच्या शेजारी तो ठिपका असतोच केवढासा.

विंडोज ११ आहे, मॉनिटर २४ इंची. ब्राइटनेस अगदी २० वर आणून पाहिला, नाइट लाइट (स्क्रीनचा निळा उजेड कमी करणारं सेटिंग) फुल केला तर सगळं पान केशरी झालं आणि संपादकांनी पिवळ्याने हायलाइट केलेलं दिसेना. मग डार्क मोड लावला, पहिल्या दिवशी बरं वाटलं, पण नंतर काळ्यावरची पांढरी अक्षरं फुटल्यासारखी दिसायला लागली, ऱ्हस्व-दीर्घ कळेना. मूळ फाइलला धक्का न लावता पानाचा पांढरा रंग जरा मवाळ करता येतो का? कुणी असं काम करत असेल तर प्लीज सांगा.

प्रतिसाद १
ताई, तुम्हाला चष्म्याचा सिलिंड्रिकल नंबर (डोळ्याच्या वाकड्या गोलाईमुळे लागतो तो) आहे का? अंधाऱ्या स्क्रीनवर बाहुली मोठी होते आणि तो नंबर असला की पांढरी अक्षरं जास्त पसरतात, माझंही तेच होतं. डार्क मोड सोडा. ब्राइटनेससाठी सोपं, स्क्रीनच्या शेजारी कोरा कागद धरा, स्क्रीन दिव्यासारखी वाटली तर कमी करा, मळकट वाटली तर वाढवा. २० म्हणजे दिवसा फारच कमी झालं, आणि काही मॉनिटर कमी ब्राइटनेसला लुकलुकतात, डोळ्यांना कळत नाही पण डोकं दुखतं. मॉनिटरच्या बटणातला कॉन्ट्रास्ट मात्र कमी करू नका, बारीक ठिपके तिथेच हरवतात. शार्पनेस वाढवलेला असेल तर खाली आणा, त्याने जोडाक्षरांना कडा येतात. आणि स्टार्टमध्ये क्लिअरटाइप (स्क्रीनवरची अक्षरं स्वच्छ दाखवणारी विंडोजची सोय) शोधून ते सेटिंग एकदा कराच.

प्रतिसाद २
पीडीएफचं सांगतो. अ‍ॅक्रोबॅट रीडरमध्ये प्रेफरन्सेस, मग अ‍ॅक्सेसिबिलिटी, तिथे 'रिप्लेस डॉक्युमेंट कलर्स'वर टिक करून कस्टम कलर घ्या. पानाला फिकट बदामी, अक्षरांना काळा. हे फक्त तुमच्या स्क्रीनवर दिसतं, फाइल आहे तशीच राहते. स्कॅन केलेल्या पानांवर चालणार नाही कारण ती चित्रं असतात. वर्डमध्ये डिझाइनमधून पेज कलर देता येतो पण तो फाइलबरोबर सेव्ह होतो, संपादकांना पाठवायच्या आधी काढा बरं का. नाइट लाइट बंदच नको, पाव भागावर ठेवा, पिवळं दिसेल.

प्रतिसाद ३
निळ्या उजेडाने डोळे खराब होतात याचा फार बाऊ करू नका, स्क्रीनच्या उजेडाने तसं होतं याला पुरावा नाही असं अमेरिकन अकॅडमी ऑफ ऑप्थॅल्मॉलॉजी ही डोळ्यांच्या डॉक्टरांची संघटनाही सांगते. स्क्रीनकडे बघताना आपण पापण्या कमी मिटतो, डोळे कोरडे पडतात, चुरचुर बहुतेक त्याचीच. दर २० मिनिटांनी २० सेकंद २० फुटांवर बघा. आणि चाळिशीचा चष्मा असेल तर तो पुस्तकाच्या अंतराचा असतो, मॉनिटर त्याच्याहून लांब, म्हणून आपण नकळत मान पुढे काढतो. डॉक्टरांना स्क्रीनचं अंतर मोजून सांगा.

धागाकर्ती
सगळ्यांचे मनापासून आभार! सिलिंड्रिकल नंबर आहेच, दोन्ही डोळ्यांना, आणि चष्मा चार वर्षांपूर्वीचा. टेपने मोजलं, स्क्रीन ६५ सेंटिमीटरवर आहे, शनिवारी डॉक्टरांकडे जातेय तेव्हा हा आकडा सांगते. बदामी पान लावून आज अडीच फॉर्म (छपाईच्या पानांचे गट) वाचले, अनुस्वार आणि रफार वेगवेगळे दिसले, खूप बरं वाटलं. शार्पनेस खरंच ८० वर होता, कुणी ठेवला देवास ठाऊक. आता एकच राहिलं, एक संपादक हाताने दुरुस्त केलेली पानं स्कॅन करून पाठवतात, ती भगभगीत पांढरी दिसतात आणि त्यावर पेन्सिलीच्या खुणा फिकट. त्यासाठी काही आहे का कुणाकडे?